सात वर्षांच्या खंडानंतर सीव्ही कसा लिहावा?

प्रश्न : मी नाशिकला राहते, वय ३७. २०१० साली बी.कॉम. झाले. त्यानंतर दोन वर्षे एका कर सल्लागारांच्या कार्यालयात आणि २०१२ ते २०१८ अशी सहा वर्षे विद्युत साहित्याच्या एका वितरक फर्मच्या अकाउंट्स विभागात नोकरी केली. जीएसटी आला तेव्हा दोन महिने रोज रात्री आठपर्यंत थांबून आम्ही दोघींनी सगळी खाती बदलली होती. दुसऱ्या बाळंतपणाच्या वेळी नोकरी सोडली. आता धाकटा पहिलीत आहे आणि मला पुन्हा काम करायचे आहे. चार महिन्यांत चाळीसेक ठिकाणी अर्ज पाठवले, फोन फक्त दोन आले आणि दोन्हीकडे पहिलाच प्रश्न होता, ‘इतकी वर्षे काय करत होतात?’ माझ्याकडे नीट उत्तर नव्हते. सीव्ही कॉलनीतल्या सायबर कॅफेत करून घेतला आहे, तो सोबत जोडते. मावसभाऊ म्हणतो, २०१८ च्या जागी २०२२ लिही, कोण तपासतो? मला ते पटत नाही, पण दुसरा मार्गही दिसत नाही. तशी मी अगदी रिकामी नव्हते. आमच्या ४८ सदनिकांच्या सोसायटीची तीन वर्षे खजिनदार होते, तेव्हा थकबाकी साडेतीन लाखांवरून साठ हजारांच्या आत आली. दिरांच्या मेडिकल स्टोअरची खरेदीची बिले आणि जीएसटीची जुळवणी २०२१ पासून मीच पाहते. पण ही काही नोकरी नव्हे. इंग्रजीही बेताचेच आहे. काय करावे?

उत्तर : तुमचे पत्र आणि सोबतचा सीव्ही एकामागोमाग एक वाचला, आणि ही दोन्ही एकाच व्यक्तीची आहेत यावर क्षणभर विश्वास बसेना. पत्र लिहिणारी बाई हिशेबाच्या कामात मुरलेली आहे, कोणत्या वर्षी काय झाले हे तिला नेमके आठवते, आणि आकडे तिच्या बोलण्यात आपोआप येतात. सीव्हीतली बाई मात्र ‘मेहनती, प्रामाणिक आणि संघभावनेने काम करणारी’ एवढीच आहे. तुमच्या पत्रातली जीएसटीची दोन महिन्यांची धावपळ, सोसायटीची थकबाकी आणि मेडिकलची जुळवणी यांपैकी एकही गोष्ट त्या तीन पानांत नाही. नेमकी हीच माहिती वाचून कोणीतरी तुम्हाला बोलावले असते, आणि तीच तुम्ही ‘ही काही नोकरी नव्हे’ म्हणून बाजूला ठेवली आहे.

आधी त्या तीन पानांविषयी. पहिल्या पानावर वर ‘बायोडेटा’ असे ठळक अक्षरांत लिहिले आहे, शेजारी पासपोर्ट आकाराचे छायाचित्र आहे, त्याखाली आव्हानात्मक वातावरणात काम करून संस्थेच्या प्रगतीला हातभार लावण्याचे उद्दिष्ट आहे, मग पतीचे नाव, जन्मतारीख, धर्म, वैवाहिक स्थिती, संपूर्ण पत्ता आणि आधार क्रमांक आहे. दुसऱ्या पानावर दहावीपासूनची टक्केवारी तक्त्यात मांडली आहे. अनुभव सुरू होतो तो दुसऱ्या पानाच्या तळाशी, आणि तिथे सहा वर्षांच्या नोकरीला ‘अकाउंट्सचे सर्व काम पाहिले’ एवढे एकच वाक्य मिळाले आहे. तिसऱ्या पानावर छंद, येणाऱ्या भाषा आणि ‘वरील माहिती माझ्या समजुतीप्रमाणे सत्य आहे’ हे प्रतिज्ञापत्र.

यात दोष तुमचा नाही. सायबर कॅफेतला हा साचा लग्नाच्या स्थळांचा बायोडेटा आणि सरकारी अर्जाचा नमुना यांच्या मिश्रणातून तयार झालेला आहे आणि वर्षानुवर्षे एका संगणकावरून दुसऱ्या संगणकावर जात राहिला आहे. सरकारी पदाच्या अर्जात जन्मतारीख, प्रवर्ग आणि प्रतिज्ञापत्र यांना कायदेशीर कारण असते, त्यामुळे तिथे ते भरावेच लागतात. खासगी फर्ममध्ये लेखापाल निवडताना मात्र पतीचे नाव किंवा धर्म यांचा कामाशी काहीही संबंध नसतो, आणि आधार क्रमांक तर कुठल्याही सीव्हीत कधीच लिहू नये, कारण तो कागद किती हातांतून आणि किती मोबाइलमधून फिरेल यावर तुमचे नियंत्रण राहत नाही. ओळखीचे पुरावे नोकरी पक्की झाल्यावर द्यायचे असतात. छायाचित्र, धर्म, वैवाहिक स्थिती, पतीचे नाव, आधार, छंद, प्रतिज्ञापत्र आणि उद्दिष्टाचा परिच्छेद हे सर्व काढून टाका. पत्त्याच्या जागी ‘इंदिरानगर, नाशिक’ अशा प्रकारे फक्त परिसर आणि शहर पुरते, कारण वाचणाऱ्याला एवढेच पाहायचे असते की तुम्ही रोज येऊ शकाल का.

आता तो वाचणारा कोण, याचा विचार करू, कारण सीव्हीतली प्रत्येक ओळ त्याच्यासाठी लिहायची असते. मी स्वतः बरीच वर्षे भरतीच्या कामात होते. सातपूर-अंबडच्या औद्योगिक वसाहतींमधल्या किंवा कुठल्याही मध्यम आकाराच्या व्यवसायात अकाउंट्सच्या जागेसाठी आलेले अर्ज बहुधा मुख्य लेखापाल किंवा खुद्द मालक पाहतो, दिवसाचे काम उरकल्यावर पाहतो, आणि पुष्कळदा मोबाइलवर पाहतो. त्याच्या मनात तीन-चारच प्रश्न असतात. या व्यक्तीने नेमके काय काय केले आहे? कोणत्या सॉफ्टवेअरवर? अलीकडे हात चालू आहे का? कधीपासून येऊ शकेल? या प्रश्नांची उत्तरे पहिल्या पानाच्या वरच्या अर्ध्या भागात मिळाली तर तो पुढे वाचतो, नाही मिळाली तर पुढच्या अर्जाकडे वळतो. हे क्रूर वाटेल, पण मीही असेच केले आहे. एकदा तुमच्यासारखाच तीन पानी बायोडेटा मी पहिल्या पानावरच बाजूला ठेवला होता. त्या बाईंनी एका कारखान्याची पगारपत्रके आणि भविष्य निर्वाह निधीची चलने नऊ वर्षे एकटीने सांभाळली होती, हे मला दुसऱ्याच कोणाकडून वर्षभराने कळले. ती माहिती त्यांच्या तिसऱ्या पानावर होती. मी तिथवर गेलेच नव्हते, याची खंत मला आजही आहे.

म्हणून नाव, मोबाइल क्रमांक, ईमेल आणि परिसर यांच्या खाली लगेच तीन-चार ओळींचा एक परिच्छेद लिहा. त्यात स्वभावाचे वर्णन नको. उदाहरणार्थ : ‘कर सल्लागारांचे कार्यालय आणि वितरण व्यवसाय मिळून लेखाकामाचा आठ वर्षांचा अनुभव. टॅली सॉफ्टवेअरमधील नोंदी, बँक जुळवणी, ग्राहकांकडील येणी आणि जीएसटीची मासिक तयारी. २०२१ पासून एका औषध दुकानाच्या खरेदी नोंदी आणि जीएसटी जुळवणीचे काम सुरू. नाशिकमध्ये पूर्णवेळ कामासाठी उपलब्ध.’ हा परिच्छेद वाचल्यावर वाचणाऱ्याच्या चारही प्रश्नांची उत्तरे झाली, आणि ‘प्रामाणिक’ हा शब्द न वापरताही तुमच्याविषयी काहीएक विश्वास तयार झाला.

त्यानंतरचा भाग अनुभवाचा, आणि इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण सगळा कस इथे लागतो. ‘अकाउंट्सचे सर्व काम पाहिले’ या वाक्यातून वाचणाऱ्याच्या हाती काहीच लागत नाही, कारण ‘सर्व काम’ म्हणजे चहा-बिस्किटांच्या व्हाउचरपासून ताळेबंदापर्यंत काहीही असू शकते. एक दिवस शांतपणे बसून जुन्या आठवणींची वही काढा आणि स्वतःला प्रश्न विचारा. त्या फर्ममध्ये एकूण किती ग्राहकांची आणि पुरवठादारांची खाती होती? दिवसाला साधारण किती बिले निघत? किती बँक खाती होती आणि त्यांची जुळवणी तुम्ही दर महिन्याला करत होतात का? येणी मागायचे फोन तुम्ही करत होतात का? १ जुलै २०१७ रोजी जीएसटी लागू झाला तेव्हा प्रत्येक पुरवठादाराचा आणि ग्राहकाचा नवा नोंदणी क्रमांक मिळवून टॅलीत भरायचा होता आणि प्रत्येक मालाला त्याच्या वर्गीकरणाचा एचएसएन कोड लावायचा होता. ते काम किती खात्यांचे आणि किती वस्तूंचे होते? ३० जून २०१७ अखेरच्या साठ्यावर आधी भरलेल्या व्हॅटचे, म्हणजे जुन्या विक्रीकराचे, क्रेडिट (वजावट) पुढे ओढण्यासाठी फर्मने ट्रान-१ हा अर्ज भरला असेल, तर त्या साठ्याच्या याद्या कोणी केल्या होत्या?

आकडा नेमका आठवत नसेल तर ‘सुमारे’ लिहा. ‘सुमारे ४०० खात्यांचे व्हॅटमधून जीएसटीत स्थलांतर, दोन जणांच्या गटात, दोन महिन्यांत’ अशी एक ओळ तुमच्या सध्याच्या तीन पानांपेक्षा वजनदार आहे. ४०० हा आकडा मी केवळ नमुन्यादाखल घातला आहे. तुमचा जो असेल तो घाला आणि ‘दोन जणांच्या गटात’ हे शब्द अवश्य ठेवा, कारण ते खरे आहे आणि मुलाखतीत त्याविषयी विचारले गेले तर तुम्हाला अडखळावे लागणार नाही. मी एकच कसोटी लावत आले आहे : सीव्हीतल्या कोणत्याही ओळीवर बोट ठेवून समोरच्याने ‘हे कसे केलेत, सांगा’ असे म्हटले, तर त्यावर पाच मिनिटे सलग बोलता आले पाहिजे. जिथे बोलता येणार नाही, ती ओळ काढून टाकावी.

क्रियापदांच्या बाबतीतही ही कसोटी कडक लावा. मेडिकल स्टोअरच्या कामात तुम्ही खरेदीची बिले नोंदवता, पुरवठादारांनी दाखवलेली बिले ज्यात दिसतात त्या जीएसटी पोर्टलवरील २बी विवरणाशी ती ताडून पाहता आणि माहिती कर सल्लागारांकडे देता, असे तुमच्या पत्रावरून मला दिसते. मग ‘जीएसटी विवरणपत्रे भरली’ असे लिहू नका. ‘विवरणपत्रांसाठी खरेदी-विक्रीची माहिती तयार केली आणि २बीशी जुळवणी केली’ असे लिहा. हिशेबाच्या क्षेत्रातल्या माणसाला भरणे आणि तयार करणे यांतला फरक लगेच कळतो, आणि ज्याने तो फरक स्वतःहून सांभाळला त्याच्या हाती तो आपली वहीही निर्धास्तपणे देतो.

आता त्या सात वर्षांकडे वळू. तुम्ही त्यांना खंड म्हणता, पण नोकरी सोडलीत तेव्हा २बी हे विवरणच अस्तित्वात नव्हते. ते २०२० मध्ये आले. पुरवठादाराने त्याच्या विवरणपत्रात दाखवलेल्या आणि २बीमध्ये उतरलेल्या बिलांवरच क्रेडिट मिळेल, ही अट १ जानेवारी २०२२ पासून लागू झाली, आणि तेव्हापासून ही जुळवणी प्रत्येक व्यवसायाच्या जिव्हाळ्याची झाली आहे. टॅलीची नवी आवृत्ती टॅली प्राइमही २०२० च्या नोव्हेंबरमध्ये आले. २२ सप्टेंबर २०२५ रोजी बहुतेक औषधांवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला तेव्हा दुकानातल्या साठ्याचे दर, बिलिंगमधील कर आणि जुन्या दराने घेतलेल्या मालाच्या नोंदी यांचे काय केले गेले? ते तुम्ही केले असेल, तर तुम्ही अगदी अलीकडपर्यंतच्या बदलांत हात घातलेली व्यक्ती आहात. नोकरीत असलेल्या कित्येकांच्या कामात हा बदल इतक्या थेटपणे आलेलाही नसेल.

एक गोष्ट मला इथे मनापासून बोलायची आहे. आपल्याकडे घरच्या दुकानाचे हिशेब जी बाई सांभाळते तिला ‘मदत करते’ असे म्हटले जाते. तेच काम बाहेरच्या माणसाला दिले की त्याचा पगार ठरतो. मदत हा शब्द प्रेमाने वापरला जातो, मला ठाऊक आहे, पण त्यामुळे करणारीलाही आपले काम काम वाटेनासे होते आणि तुमच्यासारख्या चांगल्या लेखापाल स्वतःच्या सीव्हीत त्याला एक ओळही देत नाहीत. तुम्ही ती द्या. ‘लेखा व जीएसटी जुळवणी (अर्धवेळ, कौटुंबिक व्यवसाय), औषध विक्री दुकान, नाशिक, २०२१ पासून’ असे शीर्षक लिहून खाली तीन ओळी लिहा : महिन्याला किती खरेदी बिले, किती पुरवठादार, जुळवणीत सापडलेल्या चुकांचा पाठपुरावा कसा केला. ‘कौटुंबिक व्यवसाय’ हे शब्द लपवू नका. ते लिहिल्याने काम लहान होत नाही आणि पुढे कोणी विचारलेच तर अवघडून जावे लागत नाही.

सोसायटीच्या खजिनदारपदालाही असेच स्वतंत्र स्थान द्या आणि ‘मानद’ असे स्पष्ट लिहा. ४८ सदनिकांची देखभाल शुल्काची बिले, सिंकिंग फंड (इमारतीसाठीचा दीर्घकालीन राखीव निधी) आणि दुरुस्ती निधी यांच्या वेगळ्या नोंदी, बँक जुळवणी, वैधानिक लेखापरीक्षणासाठी कागदपत्रे तयार करणे, लेखापरीक्षकांनी काढलेल्या दोषांची दुरुस्ती आणि ३० सप्टेंबरच्या आत होणाऱ्या वार्षिक सर्वसाधारण सभेपुढे हिशेब मांडणे, यांपैकी जे केले असेल ते लिहा. आणि थकबाकीची ओळ सर्वांत वर ठेवा : ‘तीन वर्षांत सदस्यांकडील थकबाकी सुमारे साडेतीन लाखांवरून साठ हजारांच्या आत आणली.’ शेजाऱ्यांकडून पैसे वसूल करणे हे ग्राहकाकडून वसूल करण्यापेक्षा कितीतरी अवघड असते, कारण ग्राहक रोज जिन्यात भेटत नाही. वितरण व्यवसायातल्या मालकाला येणी हा सर्वांत मोठा घोर असतो. ही ओळ वाचून तो तुम्हाला नक्की विचारेल की तुम्ही ते कसे केलेत. त्या प्रश्नाची तयारी करून जा.

नोकरी सोडल्यापासून दुकानाचे काम सुरू होईपर्यंत जी वर्षे उरतात त्यांना एक साधी ओळ पुरते : ‘२०१८ ते २०२१ : मुलांच्या संगोपनासाठी पूर्णवेळ नोकरीपासून विराम.’ खजिनदारपदाचा काळ यात येत असेल तर तो त्याच्या जागी दिसेलच. क्षमा मागू नका, लांबण लावू नका. मुलाखतीत विचारले तर दोन वाक्यांत उत्तर द्या की मुले लहान असताना थांबले, २०२१ पासून दुकानाचे हिशेब आणि जीएसटीचे काम करते आहे, आणि आता दोघेही शाळेत असल्याने पूर्णवेळ येऊ शकते. मग संभाषण कामाकडे न्या. मुले आजारी पडली तर काय, असेही विचारले जाईल. तो प्रश्न पुरुषांना विचारला जात नाही हे मला तुमच्याइतकेच खटकते, पण घरी कोण पाहील याची व्यवस्था झालेली असेल तर ते एका वाक्यात सांगून मोकळे व्हावे.

मावसभावाच्या सल्ल्याबद्दल तुम्हाला जे वाटले ते अगदी बरोबर आहे, आणि केवळ नीतीच्या दृष्टीने नव्हे. त्या फर्ममध्ये तुमचा भविष्य निर्वाह निधी कापला जात असेल, तर तुमच्या यूएएन (निधीच्या सदस्याचा कायमचा) क्रमांकाखाली नोकरीत रुजू झाल्याची आणि सोडल्याची तारीख नोंदलेली असते, आणि नवी नोकरी लागताना तो क्रमांक द्यावा लागतो. निधी कापला जात नसेल, तरी अनुभवाचे प्रमाणपत्र, फॉर्म १६ (पगारातून कापलेल्या कराचा दाखला), बँकेत जमा झालेले पगार आणि जुन्या मालकाला केलेला एक फोन एवढ्याने चार वर्षांची भर उघडी पडते. मग तुमची खरी आठ वर्षेही संशयाच्या छायेत जातात. ज्या कामात तारीख आणि आकडा यांवरच सारा विश्वास उभा असतो, त्या कामासाठी अर्ज करताना तारीख बदलणे तुम्हाला पटले नाही, यातच तुमचा या कामातला मुरलेपणा दिसतो.

तुमच्या सीव्हीत आणखी एक बाब दिसली. वर सासरचे आडनाव आहे आणि पदवी माहेरच्या आडनावाने असणार. २०१० मध्ये पदवी घेतलीत तेव्हा विद्यापीठाचे नावही पुणे विद्यापीठ असेच होते. २०१४ मध्ये ते सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ झाले. सीव्हीवर ते नाव ठेवा जे आज तुमच्या पॅन कार्डावर आणि बँक खात्यावर आहे, आणि शिक्षणाच्या ओळीत ‘पदवी पूर्वीच्या नावाने’ एवढे लिहा. विवाह नोंदणीचे प्रमाणपत्र किंवा नावबदलाचे राजपत्र हाताशी ठेवा. शिक्षणासाठी पदवी आणि संगणकाचा अभ्यासक्रम अशा दोन ओळी पुरेत, दहावी-बारावीचे गुण आता कोणी पाहत नाही.

इंग्रजीची धास्ती बाळगू नका. नाशिकमधल्या अकाउंट्सच्या बहुतेक जागांसाठी सीव्ही इंग्रजीतच द्यावा लागेल हे खरे, पण त्याला लागणारे इंग्रजी थोडे आहे. पूर्ण वाक्ये लिहायचीच नसतात. प्रिपेअर्ड, रिकन्साइल्ड, मेंटेन्ड, फॉलोड अप अशा सात-आठ क्रियापदांनी ओळ सुरू करायची आणि पुढे कामाचे नाव व आकडा लिहायचा. आधी सगळे मराठीत लिहा, मग भाषांतर करा, आणि शेवटी ज्याचे इंग्रजी चांगले आहे अशा कोणाकडून शुद्धलेखन तपासून घ्या. हल्ली संगणकाकडून सीव्ही लिहून घेण्याची सोय आहे. भाषा तपासण्यासाठी ती वापरायला माझी हरकत नाही. पण तिच्यावर सगळे सोपवले तर ती तुमच्या तोंडी असे भारदस्त शब्द घालते जे तुम्ही मुलाखतीत उच्चारणार नाही, आणि कधी कधी न केलेल्या कामाचे आकडेही घालते. प्रत्येक ओळीला वरची पाच मिनिटांची कसोटी लावा.

रूपाविषयी थोडक्यात सांगते. दीड ते दोन पाने, एकच साधा टंक, एका खाली एक मजकूर. दोन रकाने, रंगीत पट्ट्या आणि कौशल्यांचे भरलेले-रिकामे तारे नकोत, कारण मोठ्या कंपन्या आणि नोकरीची संकेतस्थळे अर्ज आधी सॉफ्टवेअरने वाचून घेतात आणि तक्ते व रकाने यांत त्या सॉफ्टवेअरची गल्लत होते. फाइल पीडीएफ करा आणि तिला तुमचे नाव व ‘अकाउंट्स’ असे नाव द्या; तुम्ही पाठवलेल्या फाइलचे नाव ‘न्यू डॉक्युमेंट ३ फायनल’ होते. अनेक लहान फर्म व्हॉट्सॲपवर सीव्ही मागवतात, तिथेही पीडीएफच पाठवा, छापील कागदाचा फोटो नको.

चाळीस ठिकाणी एकच सीव्ही गेला, हेही बदलायला हवे. जाहिरात दोनदा वाचा. वितरकाला येणी आणि बिलिंग हवे असेल तर त्या ओळी वर आणा, कर सल्लागाराच्या कार्यालयात जागा असेल तर जुळवणी आणि तिथला दोन वर्षांचा अनुभव वर आणा. मजकूर तोच राहतो, क्रम बदलतो, आणि दहा मिनिटांचे काम आहे. ईमेल रिकामा पाठवू नका. विषयाच्या ओळीत पदाचे नाव लिहा आणि आत पाच-सहा ओळींत सांगा की कोणत्या जागेसाठी अर्ज आहे, त्या जागेला लागणारे कोणते काम तुम्ही केले आहे आणि कधीपासून येऊ शकाल. मुलाखतीसाठी किंवा नोंदणीसाठी कोणी पैसे मागितले तर तिथेच थांबा.

एक उणीव मात्र खरी आहे. जुन्या टॅलीवर तुमचा हात बसलेला आहे, टॅली प्राइमवर किती आहे हे मला कळले नाही. मेडिकलमध्ये वेगळे सॉफ्टवेअर असेल तर एखाद्या ओळखीच्या लेखापालाकडे आठवडाभर बसून प्राइम हाताखालून घाला आणि मगच ते लिहा. टीडीएसची, म्हणजे उगमस्थानी कापल्या जाणाऱ्या आयकराची, जुनी कलमे पाठ असतील तर तीही तपासून घ्या, कारण १९६१ च्या आयकर कायद्याच्या जागी २०२५ चा नवा कायदा लागू होण्याची तारीख १ एप्रिल २०२६ ही आहे. त्यातली नवी कलमे नोकरीत असलेल्यांनाही पहिल्यापासूनच शिकावी लागतात, त्यामुळे या बाबतीत तुम्ही कोणाच्याही मागे नाही.

शेवटी संदर्भांविषयी. सीव्हीत कोणाचे नाव आणि क्रमांक न विचारता घालू नये. पण तुमच्या जुन्या फर्मच्या मुख्य लेखापालांना या आठवड्यात फोन करा. जीएसटीच्या वेळी बदललेल्या खात्यांचा आकडा त्यांच्याकडून पक्का करून घ्या, अनुभवाचे प्रमाणपत्र मिळाले नसेल तर मागा, त्यांचे नाव संदर्भ म्हणून दिले तर चालेल का ते विचारा, आणि त्यांच्याकडे सध्या एखादी जागा आहे का, हेही संकोच न करता विचारा. सोसायटीच्या सध्याच्या सचिवांकडून खजिनदारपदाच्या काळाविषयी संस्थेच्या पत्रावर चार ओळी लिहून घ्या. आणि नवा सीव्ही तयार झाला की, ज्या दोन ठिकाणांहून फोन आले होते तिथे तो पुन्हा पाठवा. त्यांनी विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर आता पहिल्याच पानावर असेल.